‘रिकोशे’ : एका उसळत्या शब्दाची कथा

तळ्याच्या कांठीं उभें राहून चपटी खापरी पाण्यावर तिरकी भिरकवावी आणि बुडण्यापूर्वीं ती किती टप्पे घेते तें मोजावें, हा खेळ आपल्यापैकीं कोण खेळलें नाहीं? या उसळीला फ्रेंच लोक ‘रिकोशे’ म्हणतात. या शब्दाचें मूळ अज्ञात आहे. मात्र जुन्या फ्रेंच भाषेंत ‘रिकोशेची गोष्ट’ म्हणजे प्रश्नोत्तरांनीं लांबतच जाणारी, कधीं न संपणारी गोष्ट. आपल्या कापूसकोंड्याची बहीणच म्हणा ना!

हा बाळबोध शब्द रणांगणावर गाजविला तो चौदाव्या लुईचा दुर्गशास्त्रज्ञ व्होबाँ यानें. तटावर सरळ गोळे आदळण्याऐवजीं तो तटाच्या लांबीच्या रेषेंत तोफा मांडी आणि दारू मुद्दाम कमी भरी. मंद वेगाचा गोळा कठड्यावरून जेमतेम पलीकडे उतरे व तटामागच्या वाटेवर टप्पे घेत तोफांचे गाडे आणि माणसें मोडीत जाई. १६८८ सालीं फिलिप्सबर्गच्या वेढ्यांत त्यानें हा प्रयोग केला. १६९७ मध्यें बेल्जियममधील आथ शहर याच युक्तीनें सुमारें दोन आठवड्यांत पडलें. पुढें अठराव्या शतकांत हा शब्द इंग्रजींतही रुळला.

आपल्या मराठींत चेंडू टप्पा घेतो आणि सावजही बंदुकीच्या टप्प्यांत येतें. उसळी आणि पल्ला या दोहोंना एकच शब्द पुरतो. फ्रेंच भाषेंत मात्र ‘रिकोशेनें’ घडलेली गोष्ट म्हणजे आडून, अप्रत्यक्षपणें घडलेली गोष्ट.

येथेंच शब्दाचा अर्थ पालटला आहे. व्होबाँचा रिकोशे हा हिशेब होता. आज आपण त्याला अपघात समजतों. एखाद्या वाटसरूस गोळी लागली कीं ‘ती भिंतीवरून उसळली’ असें सांगण्यांत येतें. व्याकरण पाहा : वाक्याचा कर्ता गोळी आहे, बंदूक झाडणारा नाहीं!

१९४३ च्या मे महिन्यांत हा हिशेब पुन्हा एकदां पुरा झाला. बार्न्स वॉलिस या इंग्रज शास्त्रज्ञानें आपल्या घरीं टपांतील पाण्यावर गोट्या उडवून पाहिल्या होत्या. त्या प्रयोगांतून पाण्यावर टप्पे घेणारा बाँब निर्माण झाला आणि जर्मनींतील मोने व एडर हीं धरणें फुटलीं. मोहिमेवर गेलेल्या १३३ वैमानिकांपैकीं ५३ मृत्युमुखीं पडले. धरणांखालीं हजाराहून अधिक माणसें बुडालीं, आणि त्यांत वेठीला धरून आणलेल्या परदेशी स्त्रियाही पुष्कळ होत्या. त्या कोणाच्याच शत्रू नव्हत्या.

तेव्हां श्रोतेहो, ‘उसळली’ हें क्रियापद कानीं पडेल तेव्हां एक प्रश्न अवश्य विचारावा : पहिला टप्पा कोणी दिला?