चाळिशीनंतरचे रेव्हरंड टिळक

गेल्या प्रायश्चित्तकाळात आमच्या गायनवृंदाचा सराव चालू असताना एक जबाबदार गृहस्थ आमच्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "फादर, हे गीत प्रॉटेस्टंटांचं ना? आपल्या मिस्सेत कशाला?" गीत रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे होते. आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेली. खरे सांगायचे तर टिळकांविषयी आमचे ज्ञान शाळेच्या क्रमिक पुस्तकातील 'केवढे हे क्रौर्य' या कवितेच्या फारसे पुढे गेलेले नव्हते. सेमिनरीत आम्ही लॅटिन शिकलो, तत्त्वज्ञान शिकलो. परंतु ज्या भाषेत आयुष्यभर प्रवचने करायची, त्या भाषेच्या ख्रिस्ती कवीला आम्ही बाहेरच ठेवले. त्या प्रश्नानंतर मात्र टिळकांचे चरित्र आणि काव्य आम्ही सवडीने वाचू लागलो.

टिळक कोकणचेच. त्यांचा जन्म 1861 साली, त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. आपला सिंधुदुर्ग जिल्हा 1981 मध्ये वेगळा होईपर्यंत त्याच रत्नागिरीचा भाग होता, तेव्हा त्यांना शेजारचे म्हणण्यास हरकत नसावी. आई लहानपणीच वारली. पुढे नाशिक, नागपूर, राजनांदगाव अशी भटकंती, कधी शिकवणे, कधी कीर्तन, कधी संस्कृत ग्रंथांचे काम. 1893 च्या सुमारास आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पत्नी लक्ष्मीबाईंपासून काही वर्षांची ताटातूट घडली. हा भाग पुष्कळांना ठाऊक असतो. कथेकऱ्याला तो आवडतो, कारण त्यात रडू आहे. आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे, चाळिशी उलटल्यावरचे.

बाप्तिस्म्यानंतर टिळक अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) अमेरिकन मिशनच्या कामात स्थिरावले. कवी म्हणून त्यांचे नाव होतेच. मंडळीला गाणी हवी होती आणि त्यांनी ती भरभरून दिली. परंतु त्या काळी मिशनच्या उपासनेत पाश्चात्त्य चालींचा वरचष्मा होता. या चालीत ठराविक मात्रेवर आघात पडतो. इंग्रजी शब्दाला असा आघात मुळातच असतो. मराठी शब्दाला तो जवळजवळ नसतो, त्याची गती ऱ्हस्व-दीर्घावर चालते. मग ऱ्हस्व इकारावर सूर लांबतो आणि दीर्घ अक्षर घाईने गिळले जाते. शब्द मराठी, पण कानाला परके. आमच्याही देवळात असली गाणी आहेत. लोक ती मान खाली घालून पुस्तकात बघत म्हणतात, कारण पुस्तकाशिवाय ती आठवत नाहीत.

विसाव्या शतकाच्या आरंभी, चाळिशीच्या पुढे, टिळक पुन्हा ज्ञानेश्वर-तुकारामांकडे वळले. तुकारामांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, अशी त्यांची भावना होती. नाव झालेल्या गीतकाराने आपला घाट बदलणे ही साधी गोष्ट नव्हे. ज्या चालींवर आपली गाणी लोकप्रिय झाली, त्या पुरेशा नाहीत असे स्वतःशी कबूल करावे लागते. टिळकांनी ते केले. अहमदनगरच्या ख्रिस्ती मंडळीत कीर्तनाची वाट आधीच पडलेली होती. त्यांनी तिला अभंग आणि भजन यांची जोड दिली.

मोठ्या अभंगाची रचना बघा. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार चरण, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक, आणि शेवटचा आखूड चरण श्वास घेण्यास जागा देणारा. बुवा एक ओळ म्हणतो, टाळकरी ती उचलतात. अक्षर न ओळखणारी म्हातारीही तिसऱ्या वेळी बरोबर गाऊ लागते. वाचता न येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी याहून सोयीचे साधन कोणते असणार? मराठी मंडळींच्या उपासनासंगीतात टिळकांची गीते आज शेकड्यांनी मोजावी लागतात.

1909 मध्ये, अठ्ठेचाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी याहून मोठे काम हाती घेतले. प्रभू येशूचे समग्र चरित्र ओवीत गाण्याचा हा संकल्प म्हणजे 'ख्रिस्तायन'. येथे आम्हां कॅथॉलिकांना फादर थॉमस स्टीफन्स आठवल्यावाचून राहत नाहीत. 1579 मध्ये गोव्यास आलेल्या या इंग्रज येशूसंघीयाने 'क्रिस्तपुराण' रचले ते मराठी ओवीतच, आणि 1616 मध्ये रायतूरला ते छापले गेले तेव्हा त्यांचे वय सदुसष्टच्या आसपास होते. दहा हजारांहून अधिक ओव्या! आपल्या किनाऱ्यावरील पुष्कळ कॅथॉलिक घराण्यांचे पूर्वज गोव्यातून आलेले आहेत. त्यांच्या कानांवर त्या ओव्या पडल्या असतील. म्हणजे टिळकांनी चाळिशीनंतर शोधलेली वाट आमच्याच एका धर्मगुरूने तीन शतके आधी चालून ठेवली होती, आणि आम्ही ती गवत माजू देऊन झाकली. प्रॉटेस्टंटांचे गीत कशाला, असे विचारणाऱ्या गृहस्थांना हे सांगावयास हवे होते.

1912 पासून टिळकांनी 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन केले. 1917 मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनचे वेतन सोडले, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही तेथे प्रवेश होता. या कल्पनेवर ईशज्ञानाच्या दृष्टीने आम्ही पुष्कळ शंका काढू शकतो. परंतु ज्या वयात आम्ही प्रकृती, पेन्शन आणि बदलीच्या पत्राचा विचार करतो, त्या वयात हा मनुष्य ठरलेल्या पगारावर पाणी सोडून मोकळा झाला. या अखेरच्या वर्षांतील अभंग 'अभंगांजली'त आले. त्यांत कारागिरी कमी आणि बोलणे अधिक आहे. मधल्या वयातील काही कवितांत शब्दांचा जो सोस दिसतो, तो येथे गळून पडलेला आहे. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला.

'ख्रिस्तायन' तेव्हा साडेदहा अध्यायांवर थांबलेले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. माहेरी शाळेचे तोंड न पाहिलेली, नवऱ्याने लिहावाचावयास शिकविलेली ही बाई. पतीच्या निधनसमयी तीही पन्नाशीला आलेली. तिने त्याच ओवीत चौसष्ट अध्याय लिहिले! 'स्मृतिचित्रे'च्या कीर्तीखाली हे काम झाकले जाते. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्या गेल्या आणि दोन वर्षांनी, 1938 मध्ये, ग्रंथ प्रसिद्ध झाला.

आता आमच्या स्वतःच्या एका चुकीविषयी. पुष्कळ वर्षांपूर्वी, तरुणपणी, किनाऱ्यावरील एका धर्मग्रामात आम्ही नवीन असताना एक वयस्क मच्छीमार आमच्याकडे आला होता. तो डबलबारीच्या भजनांना हौसेने जाई, पखवाज उत्तम वाजवी. सणाच्या मिस्सेत एक गीत पखवाजावर म्हणू द्या, अशी त्याची विनंती होती. आम्ही नाही म्हटले. लोक काय म्हणतील, देऊळ आणि चर्च यांत फरक काय राहील, असे काहीतरी बोललो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 च्या उपासनाविषयक घटनापत्रात लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला उपासनेत योग्य स्थान देण्यास स्पष्ट सांगितले आहे. परीक्षेत त्यावर आम्ही चांगले उत्तरही लिहिले होते. तो मनुष्य "बरां, फादर" म्हणून परत गेला आणि पुन्हा कधी त्याने विचारले नाही. आज तो हयात नाही.

यंदा नाताळच्या सरावाला आम्ही टिळकांचे एक भजन निवडले आहे. की-बोर्ड वाजविणाऱ्या मुलांनी आधी नाके मुरडली. मग त्यांतलाच एक जण शेजारच्या वाडीतून पखवाज मागून घेऊन आला. सम कुठे पडते यावर मुलांचा वाद झाला, आणि तो सोडविण्यास त्यांनी भजनाच्या बुवांना बोलावले. बुवा चर्चच्या पायरीवर चपला काढून आत आले. पहिल्या ओळीलाच त्यांनी मान डोलावली आणि विचारले, "हो अभंग कोणाचो?"