चार नाण्यांचा पेला

इटलींतील पाँपेई हें नगर इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हिअसच्या राखेखालीं गाडलें गेलें. तेथील एका मद्यगृहाच्या भिंतीवर दर लिहिलेले आढळले: एका ‘आस’ला साधें मद्य, दोहोंना त्याहून बरें, आणि चारांना फालेर्नियन! आस म्हणजे तांब्याचें किरकोळ नाणें. फालेर्नियन म्हणजे रोमन श्रीमंतांच्या मेजवानीचें, वर्षानुवर्षें मुरविलेलें द्राक्षमद्य. तें सुमारें २६ लिटरांच्या मातीच्या कुंभांत सांठवीत. अख्खा कुंभ घेणें सामान्य माणसाच्या आवांक्याबाहेरचें. चार नाण्यांत पेलाभर मात्र त्यालाही चाखतां येई.

ह्या सोयींत एक अडचण होती. बूच निघालें कीं हवा आंत शिरते आणि मुरलेल्या मद्याची चव लवकर उतरते. मग उरलेल्याचें काय करावें, ही दुकानदाराची चिंता. २०१३ सालीं अमेरिकेंत ह्यावर एक उपकरण बाजारांत आलें. बूच न काढतां त्यांतून बारीक सुई घालून मद्य काढावयाचें व रिकाम्या जागीं आर्गॉन वायु भरावयाचा. त्यामुळें कांहीं दुकानांत आज जुन्या बाटलींतील एकच पेला विकत मिळूं शकतो.

साधन नवें खरें. पण उत्तम वस्तूचा घोटभर वांटा लहान थैलीलाही मिळावा, ही रीत त्या भिंतीइतकी जुनी आहे.