फ्रीडलेंडर, शाउल

फ्रीडलेंडर, शाउल : (जन्म ११ ऑक्टोबर १९३२). ज्यू-संहाराचे इतिहासकार. प्रागमधील जर्मनभाषक ज्यू कुटुंबात जन्म. मूळ नाव पावेल. मार्च १९३९ मध्ये जर्मनीने प्राग घेतल्यावर कुटुंब फ्रान्समध्ये आश्रयाला गेले. १९४२ च्या उन्हाळ्यात जर्मनीशी सहकार्य करणाऱ्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारच्या पोलिसांनी परदेशी ज्यूंची धरपकड सुरू केली, तेव्हा आईवडिलांनी त्यांना माँल्युसाँ येथील कॅथलिक वसतिशाळेत ठेवले. तेथे बाप्तिस्मा होऊन ते पॉल-आंरी फेर्लां झाले. आईवडील स्विस सरहद्दीवरून परत पाठवले गेले आणि नोव्हेंबर १९४२ मध्ये त्यांची रवानगी आउश्वित्झच्या मृत्युछावणीत झाली. लहान मुले बरोबर असलेल्यांना त्या सुमारास सरहद्दीवर प्रवेश मिळत असे. पण मुलगा सोबत असता तर तिघेही वाचले असते, असे ठामपणे म्हणता येत नाही.

लपून वाचणे म्हणजे अॅम्स्टरडॅमच्या फ्रँक कुटुंबासारखे बंद खोलीतले जिणे, ही समजूत या प्रकरणाला लागू पडत नाही. फेर्लां वर्गात बसत, प्रार्थनेला जात. लपलेला होता तो पावेल. बाप्तिस्मा हे केवळ संरक्षण होते व युद्धानंतर ते आपोआप गळून पडले, असे यावर म्हटले जाईल. पण फ्रान्स मुक्त झाल्यावरही फेर्लां उरले, इतके की जेझुइट होण्याचा त्यांचा विचार होता. १९४६ मध्ये सेंत-एतिएन येथील एका जेझुइट पाद्र्यानेच त्यांना आउश्वित्झविषयी सांगितले, आणि मग ते ज्यू ओळखीकडे वळले. त्यामुळे धर्मांतराचा सारा दोष चर्चवर टाकणेही सरळ नाही. मात्र फिनाली या ज्यू बंधूंच्या ताब्यावरून झालेल्या वादात (१९५३) काही कॅथलिकांनी बाप्तिस्मा झालेली ज्यू मुले नातलगांना देण्यास नकार दिला, हेही ध्यानात घ्यावे लागते.

१९४८ मध्ये इस्राएलला प्रयाण. पुढे तेल अवीव व लॉस एंजेलिस येथे अध्यापन.

बळींची स्मृती मिथकाकडे झुकते व शास्त्रीय इतिहासलेखनाच्या आड येते, असा मुद्दा जर्मन इतिहासकार मार्टिन ब्रोशाट यांनी फ्रीडलेंडर यांच्याशी झालेल्या १९८७ च्या पत्रव्यवहारात मांडला. नाझी काळात वाढलेल्या जर्मन इतिहासकारांची दृष्टी तरी त्या काळापासून अलिप्त कशी, असा फ्रीडलेंडर यांचा प्रतिप्रश्न होता. प्रस्तुत नोंदीच्या मते तो बिनतोड आहे. या वादाचे खरे उत्तर फ्रीडलेंडर यांच्या ज्यू-संहारावरील द्विखंडी इतिहासात (१९९७, २००७) मिळते : सरकारी कागदपत्रांच्या शेजारी त्यांनी बळींच्या रोजनिश्या पुरावा म्हणून ठेवल्या. दुसऱ्या खंडास २००८ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.