आकडा किलोमागे, हिशोब हेक्टरी

सोलापुरात सांडपाण्याच्या गाळावर काम करायचं ठरवलंत, तर मर्यादांचा तक्ता पाठ करण्याआधी त्याचा इतिहास बघा. 1968 मध्ये जपान सरकारने मान्य केलं, की हाडं ठिसूळ करणारा 'इताई-इताई' खाणीतल्या कॅडमियममुळे होतो. जिन्झू नदीच्या पाण्यावरचा भात हे विष घरोघरी नेत होता. पुढे गाळासाठी नियम आले, युरोपात 1986 ला, अमेरिकेत 1993 ला. दोन्हीकडे हेक्टरी किती किलो धातू पडला, याचाही हिशोब आला. आपल्या 2016 च्या घनकचरा नियमांतला कंपोस्टचा तक्ता मात्र किलोमागे बोलत होता: कॅडमियम 5 मिलिग्रॅम.

आता गणित करा. असं 5 टन खत दर हेक्टरी घातलं, तर वर्षाला 25 ग्रॅम कॅडमियम. वरच्या 15 सेंटिमीटर मातीत, म्हणजे साधारण 2000 टनांत, 40 वर्षांनी किलोमागे अर्धा मिलिग्रॅम वाढ. युरोपची मातीची मर्यादाच 1 ते 3! धातू कुजत नाही, आणि जमीन पुढे पोरांच्या नावावर जाते.

सोलापूरची काळी, चुनखडीची माती कॅडमियम बऱ्यापैकी धरून ठेवते, हे खरं. क्रोमियमचं तसं नाही. त्याचं हेक्झाव्हॅलंट रूप अशाच मातीत जास्त फिरतं. कापड रंगवणाऱ्या गावात नुसता एकूण क्रोमियम मोजून भागत नाही, रूपही तपासा. आणि नमुना घेण्याआधी शेतकऱ्याला विचारा: किती ट्रॉल्या टाकल्या, किती वर्षं?