संघ निवडणाऱ्याला कारण विचारावं का?

यंदाच्या पावसाळ्यातली गोष्ट. सेमाडोहला आमच्या शाळेचा फुटबॉल संघ तालुक्याच्या स्पर्धेला जाणार होता. क्रीडा शिक्षक रजेवर, म्हणून संघ निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी उर्दू-मराठीचा मास्तर. फुटबॉल पाहतो खूप, खेळलो थोडा. रात्री जागून इंग्लंडमधले सामने पाहायचे आणि आपल्या आवडीचा खेळाडू बाकावर बसवला की प्रशिक्षकाला शिव्या घालायच्या, ही माझी वर्षानुवर्षांची सवय. घरी बेगम म्हणते, तो माणूस तुम्हाला विचारून संघ काढणार आहे का?

इथं मात्र संघ काढणारा मीच होतो. फळ्यावर नावं लिहिली आणि वर्गात कुजबुज सुरू झाली. आठवीतला एक मुलगा उभा राहिला. "सर, तुम्ही त्याला का नाही घेतलं?" तो म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात वेगवान पोरगा. कोरकू घरातला. सिपनेच्या काठच्या वाळूत अनवाणी पळून तयार झालेले पाय. मी म्हटलं, "शिस्त नाही. सरावाला येत नाही." मुलगा खाली बसला, पण त्याचं समाधान झालं नव्हतं. खरं सांगायचं तर माझंही नव्हतं.

त्या रात्री मला पळवणकर बाळू आठवले.

तरुण वाचकांना हे नाव कदाचित माहीत नसेल. बाळू यांचा जन्म १८७६ चा, चर्मकार समाजातला. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात ते खेळपट्टी तयार करायचे, जाळी लावायचे आणि इंग्रज फलंदाजांना सरावासाठी गोलंदाजी टाकायचे. पगार महिना चार रुपये. त्या सरावातूनच देशातला मोठा डावखुरा फिरकी गोलंदाज घडला. त्याला आपल्याकडून खेळवावं की नाही, यावर पुण्यातल्या हिंदू क्लबात वाद झाला. शेवटी घेतलं. मैदानावर सगळे त्याच चेंडूला हात लावायचे, पण चहाच्या वेळी बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा.

पुढं ते मुंबईला गेले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ मध्ये हिंदू संघानं युरोपियनांना हरवलं, त्या संघात बाळू होते आणि धाकटे भाऊ शिवरामही. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ सपाटून हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले.

१९१२ पासून मुंबईच्या स्पर्धेत मुसलमानांचा संघही उतरला आणि ती चौरंगी झाली : युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान. धर्मावर संघ पाडण्याची ती पद्धत आज आपल्याला खटकते, आणि खटकायलाच हवी. पण धर्माच्या त्या भिंतींच्या आतही आणखी भिंती होत्या. बाळू हिंदू संघाचे सगळ्यात अनुभवी खेळाडू, तरी कर्णधारपद त्यांच्याकडे कधी आलं नाही. बाळूंना कर्णधार करा, असं म्हणणारे लोक होते. निवड समितीनं त्यांचं ऐकलं नाही.

१९२० साली गोष्ट टोकाला गेली. कर्णधार म्हणून एम. डी. पै यांचं नाव ठरलं होतं. ते आजारी पडले. आता तरी बाळूंचा नंबर लागेल असं वाटत असताना समितीनं त्यांना संघातूनच वगळलं आणि कर्णधारपद पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधरांना दिलं.

इथं थोडं थांबू या. देवधर काही ऐरागैरा खेळाडू नव्हते. पुढं १९२६ मध्ये त्यांनी एमसीसीविरुद्ध १४८ धावा काढल्या. त्यांच्या नावाची स्पर्धा पुढं देशात खेळली गेली. बाळूंनी तर चाळिशी ओलांडली होती. म्हणजे समितीला "वय झालं" असं म्हणायची सोय होती, जशी मला "शिस्त नाही" म्हणायची सोय होती. पण वयाचं कारण पुरत नव्हतं. भाऊ विठ्ठल तर भरात होते, संघाचे आघाडीचे फलंदाज होते. मग त्यांना का नाही? याचं उत्तर समितीकडं नव्हतं. म्हणजे होतं, पण ते तोंडावर आणण्यासारखं नव्हतं.

विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतलं, आणि गुपचूप नाही. जातीमुळं आपल्याला डावललं जातंय, हे त्यांनी जाहीर निवेदन काढून सांगितलं. समितीला नमावं लागलं. अंतिम सामन्याला पै परतले तेव्हा बाळू उपकर्णधार होते, आणि पै यांनी मैदान सोडून काही वेळ संघ त्यांच्या हाती दिला. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या संघानं अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवलं. विठ्ठल यांनी पुढं 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं.

आता कुणी म्हणेल, मास्तर, निवडणाऱ्याला काही स्वातंत्र्य हवं की नको? हवंच. आपल्या हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम घ्या. तेही पेशानं शिक्षकच, आणि भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक. १९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांत बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला टाके पडले होते. रहीम साहेबांनी त्यांना अंतिम सामन्यात थेट आघाडीला खेळवलं. प्रेक्षकांत कुणी कपाळावर हात मारला असेल तर नवल नाही. जर्नेलनी गोल केला, भारतानं दक्षिण कोरियाला २-१ नं हरवून सुवर्णपदक जिंकलं. तो निर्णय धाडसाचा होता, पण त्यामागचं कारण खेळातलं होतं. हरले असते तरी ते कारण रहीम साहेबांना कुणालाही सांगता आलं असतं. १९२० च्या समितीला ते जमलं नसतं. माझ्या मते फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

हे वाचून आपण मुसलमानांनी "ती त्यांच्या घरातली भानगड" म्हणून हात झटकू नयेत. आपल्या मोहल्ल्यातल्या टीममध्ये, अंजुमनच्या कमिटीत, मशिदीच्या ट्रस्टमध्ये नावं ठरतात तेव्हा बिरादरी पाहिली जात नाही का? मशिदीत एका सफमध्ये उभे राहतो आणि बाहेर आलो की कोण कुठल्या घरचा ते मोजतो. आपली समिती काही त्या समितीपेक्षा वेगळी नाही.

आणि मी? दुसऱ्या दिवशी मी त्या पोराला विचारलं, सरावाला का येत नाहीस? तो म्हणाला, "सर, सकाळी निंदणीला जातो, आईसोबत." सराव सकाळी होता. ती वेळ मीच ठरवली होती, मला सोयीची म्हणून. ज्या पोरांची घरं शाळेजवळ, ज्यांना शेतावर जावं लागत नाही, ती येत होती. म्हणजे शिस्तीच्या नावाखाली मी काय निवडत होतो, ते मला त्याच्या एका वाक्यात कळलं.

नावं पाठवायची मुदत तोवर संपली होती. यंदा तो खेळला नाही. मी त्याच्यापुढं आणि वर्गापुढं चूक कबूल केली. आता सराव शाळा सुटल्यावर असतो आणि फळ्यावर प्रत्येक नावापुढं कारण लिहितो. पोरं त्यावर रोज भांडतात. आठवीतला तो मुलगा सगळ्यात जास्त. भांडू द्या.