पुण्यांतील इराण्याचा चहा

पुण्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनीं वाडे, तालमी, छापखाने आणि सभा यांची नोंद पुष्कळ केली. परंतु सामान्य माणूस थोडक्या पैशांत कोठें बसून काय खात होता, इकडे त्यांचें लक्ष फारसें गेलें नाहीं. आमच्या मतें हा विषय दिसतो तितका क्षुद्र नाहीं. ज्या शहरांत चहाच्या एका पेल्यावरून वाद धर्मपीठापर्यंत गेला, तेथील चहाच्या दुकानांची हकीकत सांगूं लागलें कीं समाजाची हकीकत आपोआप सांगितली जाते.

तें प्रकरण बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. १८९० च्या ऑक्टोबरांत पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानाला जमलेल्या मंडळींपुढें चहा व बिस्किटें ठेवण्यांत आलीं. मंडळींत रानडे होते, टिळक होते. पुढें गोपाळराव जोशी यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापून आणलीं आणि ग्रामण्य उभें राहिलें. शंकराचार्यांकडून चौकशी झाली, आणि १८९२ सालीं न्यायमूर्ति रानड्यांसारख्या पुरुषालाही प्रायश्चित्त घ्यावें लागलें. रमाबाई रानडे यांनीं आपल्या आठवणींत ह्या प्रकरणाविषयीं लिहिलें आहे. ज्यांनीं तें वाचलें नसेल त्यांनीं अवश्य वाचावें. चहा आणि बिस्किटें कोणाच्या हातचीं, एवढाच काय तो प्रश्न होता.

पुण्यांत असे वाद चालत, त्याच काळांत इराणांतील यज्द व किरमाण या प्रांतांतून माणसें हिंदुस्थानची वाट धरीत होतीं. १८७१ च्या सुमारास इराणांत भयंकर दुष्काळ पडला. त्यांतून तेथील झरथुष्ट्री प्रजेवर जिझिया होताच. मुंबईच्या पारशांनीं १८५४ सालीं माणेकजी लिमजी हातरिया यांना आपले वकील म्हणून तिकडे पाठविलें. त्यांनीं वर्षानुवर्षें खटपट केली, तेव्हां १८८२ त तो कर उठला. पण कर उठल्यानें पोट भरत नाहीं. आलेले लोक प्रथम मुंबईंत राहिले आणि बोरघाटांतून आगगाडी झालेली असल्यामुळें त्यांतले कांहीं पुण्यास पोंचले. ह्या इराण्यांत झरथुष्ट्री होते तसे मुसलमानही होते. हजार वर्षांपूर्वीं गुजराथेंत उतरलेल्या पारशांहून हे निराळे, ही गोष्ट आपल्याकडे पुष्कळदां विसरली जाते.

त्यांना थारा मिळाला तो लष्करांत. तेथें गोरे शिपाई, पारशी, बोहरी, गोवेकर ख्रिस्ती अशी सरमिसळ वस्ती. पाव खाणें हा तेथें नित्याचा व्यवहार. दोराबजी यांचें पारशी उपाहारगृह तेथें १८७८ पासूनचें आहे, आणि त्याचाही आरंभ चहा व बनमस्क्यापासूनच झाला. पेठांत मात्र पाव म्हणजे बाटण्याची खूण. लष्कर आणि पेठा यांच्यामधलें अंतर पायीं तासाभराचेंही नव्हतें. आचाराच्या दृष्टीनें तें फार मोठें होतें.

इराण्याला स्वस्त विकणें परवडत होतें, त्याचीं कारणें साधीं आहेत. गांवाकडून आलेला पोरगा दुकानांतच राबे, तेथेंच निजे, आणि चार पैसे सांठले कीं भागीदार होई. पाव स्वतःच्या किंवा नातलगाच्या भट्टींतला. दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्याची जागा हिंदु दुकानदार अशुभ मानीत, ती इराण्याला सहज मिळे, असें सांगतात. खरें असो वा नसो, कोपऱ्यावरच्या दुकानाला दोन्हीं रस्त्यांचें गिऱ्हाईक मिळतें, एवढें तरी निश्चित. शिवाय नुसत्या चहावर तो अवलंबून नसे. दर्शनी बाजूस अंडीं, लोणी, पाव, बिस्किटें, साबण, काडेपेट्या मांडलेल्या असत आणि आंत संगमरवरी टेबलें. वाणसामान घ्यायला आलेला मनुष्य चहा पिऊन जाई, चहाला आलेला घरीं पाव नेई.

एक गंमत येथें सांगण्यासारखी आहे. नानकटाई हें नांवच मुळीं आशियाचा प्रवास करून आलेलें दिसतें. नान हा फारसी शब्द पावाचा, आणि खताई म्हणजे चीनकडची, असा अर्थ लावितात. बदाम, पिस्ता, जर्दाळू हीं आमच्या सणासुदीचीं नांवेंही फारसींतलीं. श्रीखंडावर पिस्ते पेरतांना कोणाला विटाळ झाला नाहीं. बसायचें कोठें आणि वाढणारा कोण, एवढ्यावरच सारा कटाक्ष!

पेठांनीं आपल्यापुरती तोड काढली ती अमृततुल्याची. सोन्या मारुतीजवळचें आद्य अमृततुल्य १९२४ चें. राजस्थानाकडून आलेले ब्राह्मण पितळी पातेल्यांत समोरच चहा करीत. त्यामुळें चहाही मिळाला आणि शंकाही उरली नाहीं. पण १९३५ सालीं हुसेन अली यक्षी यांनीं फर्ग्युसन कॉलेजच्या रस्त्याच्या तोंडाशीं 'गुडलक' काढलें, तेव्हां इराणी थेट सुशिक्षितांच्या वस्तींत आला. प्रायश्चित्ताला अजून पन्नास वर्षेंही झालीं नव्हतीं. आतां वसतिगृहांतला विद्यार्थी बनमस्का आणि चहा घेऊन तासभर बसूं लागला, आणि ग्रामण्य करण्यास कोणी उठलें नाहीं.

मात्र एवढ्यावरून इराण्याच्या बाकावर समतेची मूर्ति बसविण्याची घाई करूं नये. १९१७ सालीं बडोद्यास एका पारशी विश्रामगृहांतून डॉ. आंबेडकरांना लाठ्या घेतलेल्या पारशांनीं बाहेर काढलें, हें त्यांनींच लिहिलें आहे. जातीचें विष परक्यालाही चढतें. आम्हांला एवढेंच दिसतें कीं, चौकशी न करणें हें इराण्याच्या धंद्याला सोयीचें होतें. आणि त्या सोयीचा लाभ ज्यांना दुसरीकडे ताटकळत उभें राहावें लागे त्यांनाही मिळाला. सुधारकांचीं व्याख्यानें व्यर्थ होतीं असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्यांच्यापुढें प्रायश्चित्ताचा प्रसंग होता, इराण्याच्या गिऱ्हाइकापुढें फक्त बिलाचा.

पुढें १९५५ त ईस्ट स्ट्रीटवर कयानी बंधूंची बेकरी निघाली. तिच्या लाकडाच्या भट्टींतील श्रूजबेरी बिस्किटें आज पेठांतल्या घराघरांतून पाहुण्यांपुढें ठेविलीं जातात आणि परगांवीं जाणाऱ्याच्या पिशवींत घातलीं जातात. लष्करांतलीं जुनीं इराणी दुकानें मात्र एकामागून एक मिटलीं; मुलें शिकून दुसऱ्या धंद्यांत गेलीं, आणि कोपऱ्याच्या जागेचें मोल चहाच्या पेल्यांनीं भरून निघेनासें झालें. गुडलक अद्याप चालू आहे. सकाळीं तेथें जागेसाठीं थांबावें लागतें, आणि रिक्षावाल्याला 'गुडलक चौक' एवढें सांगितलें कीं पुरतें.