छत्तीसगढचे विस्मृत परगणे

शासकीय सेवेतील माणसाला जिल्हा आणि तहसील हे घटक नदी-डोंगरांइतकेच चिरंतन वाटू लागतात. रायपूरचा महसुली इतिहास वाचताना मात्र ते किती अल्पायुषी असतात, हे मला प्रकर्षाने जाणवते. या इतिहासातील एक अध्याय आपल्या मराठी माणसांनीच लिहिलेला आहे.

कलचुरींच्या काळी शिवनाथ नदीच्या उत्तरेस अठरा आणि दक्षिणेस अठरा असे छत्तीस गड होते. एका गडात चौऱ्याऐंशी गावे धरावीत, असा संकेत होता. गडावर दिवाण, बारा गावांच्या समूहावर दाऊ आणि गावावर गौंटिया, अशी ही उतरंड होती.

१७४१ मध्ये भास्करपंतांनी रतनपूर जिंकले. १७५८ पासून बिंबाजी भोसले स्वतः तेथे राहून कारभार पाहत. १७८७ मध्ये ते निवर्तले. त्यांच्यानंतर व्यंकोजी भोसल्यांनी नागपुरात राहूनच सुभेदारांकरवी राज्य चालविले. सुभेदार विठ्ठल दिनकर यांनी छत्तीस गड मोडून सत्तावीस परगणे केले आणि दिवाणांच्या जागी कमाविसदार नेमले.

कागदोपत्री ही सुधारणाच होती. परंतु सुभेदारी ठेक्यासारखी दिली जात असल्याने नागपूरला ठरलेली रक्कम पोचविणे हेच सुभेदाराचे मुख्य कर्तव्य झाले. दिवाणाची मुळे त्या मातीत होती. कमाविसदाराची नेमणूक वरून होत असे. परगणा हा वसुलीचा घटक झाला, रयतेचा आधार झाला नाही. आपल्या पूर्वजांच्या पराक्रमाचा अभिमान बाळगताना हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

१८१८ नंतर इंग्रज अधीक्षक अॅग्न्यू यांनी राजधानी रतनपूरहून रायपूरला आणली आणि सत्तावीस परगण्यांचे आठ केले. पुढे त्यांत बालोदची भर पडली. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. त्यानंतर परगण्यांच्या जागी रायपूर, धमतरी आणि रतनपूर या तीन तहसिली आल्या. १८५७ मध्ये धमधा व नवागढ धरून त्या पाच झाल्या. थोड्याच काळात धमध्याचा मान दुर्गला मिळाला. कचेरी हलली की गावाचे भाग्यही कसे हलते, याचे हे बोलके उदाहरण होय.

या साऱ्या उलथापालथीत गौंटिया मात्र टिकून राहिला, कारण राज्य कोणाचेही असो, गावाची खरी माहिती त्याच्यापाशी होती.

पुढे रायपूर जिल्ह्यातून १९९८ मध्ये धमतरी व महासमुंद, तर २०१२ मध्ये बलौदाबाजार व गरियाबंद हे जिल्हे वेगळे झाले. आज राज्यात ३३ जिल्हे आहेत. बस्तर आणि सरगुजा त्या जुन्या गडांत नव्हते, त्यामुळे ही तुलना काटेकोर नव्हे. तरीही छत्तीसच्या इतक्या जवळचा हा आकडा पाहून मला वाटते की, कचेरी आपल्या गावाजवळ असावी ही रयतेची इच्छा कोणत्याही राजवटीहून दीर्घायुषी आहे. नवी सीमारेषा आखणाऱ्याने ती वसुलीसाठी आखली की माणसांसाठी, एवढेच इतिहास विचारतो.